सरकारी कंपनी आणि तिच्याच सरकारची बंदी: फोर्स मेजरचा बचाव लवादात कधी टिकतो?

प्रश्न थोडक्यात असा. पुणे परिसरातल्या एका खासगी कारखान्याने परदेशातल्या सरकारी खाण कंपनीशी वर्षभराच्या पुरवठ्याचा करार केला. दर ठरलेला, कायदा इंग्लंडचा, वाद झाल्यास लवाद, म्हणजे न्यायालयाऐवजी पंचांपुढची सुनावणी, लंडनला. निम्मा माल आला, दरम्यान बाजारभाव चढले आणि त्या देशाच्या मंत्रालयाने खनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली. लगेच कंपनीची नोटीस आली: फोर्स मेजर, म्हणजे आमच्या आवाक्याबाहेरची घटना, म्हणून उरलेला माल मिळणार नाही, भरपाईही मिळणार नाही. कारखान्याच्या संचालकांनी विचारलं आहे की कंपनी सरकारची आणि बंदीही सरकारचीच, मग त्या बंदीआड तिला लपता येतं का?

बऱ्याचदा येतं. हे ऐकून वाईट वाटेल, पण आधीच सांगितलेलं बरं. ‘कंपनी म्हणजेच सरकार’ हा युक्तिवाद बोलायला जोरदार वाटतो, पण आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादात तो एकटा फारसा टिकत नाही. बंदीचा हुकूम निघण्यात त्या कंपनीचा स्वतःचा हात किती होता, हे कागदांनी दाखवता आलं तर मात्र चित्र पालटतं. पक्षकार आपला वेळ आणि पैसा पहिल्या मुद्द्यावर खर्च करतात आणि दुसऱ्यासाठी लागणारे कागद तोवर हातचे जातात, म्हणून हे उत्तर जरा लांबवतो.

एक पायाभूत गोष्ट. इंग्लंडच्या कायद्यात फोर्स मेजर नावाची सर्वसाधारण सवलत नाही. करारात ते कलम असेल तरच ती मिळते, आणि कलमात जितकं लिहिलं आहे तितकीच मिळते. भारतातही करारात असं कलम असेल तर करार कायद्याचं कलम 32 (घटनेवर अवलंबून असलेले करार) लागतं आणि नसेल तर कलम 56 (पूर्तता अशक्य झालेले करार) कडे जावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या एनर्जी वॉचडॉग निकालात हे स्पष्ट केलं. त्या खटल्यात इंडोनेशियाने कोळसा निर्यातीचे नियम बदलले आणि कोळसा महागला, तरी नुसतं महागणं हे फोर्स मेजर ठरलं नाही. तेव्हा तुमच्या करारातलं कलम समोर ठेवूनच पुढचं वाचा.

सरकारी कंपनीच्या प्रश्नाचा इतिहास शीतयुद्धातल्या एका तेलाच्या सौद्यापर्यंत मागे जातो. 1956 मध्ये सोयुझनेफ्तेएक्स्पोर्त ही सोव्हिएत संस्था इस्रायलच्या जॉर्डन इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीला इंधन तेल देणार होती. त्या वर्षाच्या अखेरीस सुएझचा संघर्ष पेटला, इस्रायली सैन्य सिनाईत शिरलं आणि सोव्हिएत परराष्ट्र व्यापार मंत्रालयाने निर्यातीची परवानगी नाकारली. वाद मॉस्कोतल्याच परराष्ट्र व्यापार लवाद आयोगापुढे गेला. 1958 च्या निवाड्यात आयोगाने म्हटलं की विक्रेती संस्था कायद्याने स्वतंत्र आहे, मंत्रालयाचा नकार तिच्या आवाक्याबाहेरचा आहे, म्हणून ती भरपाई देणं लागत नाही. लवाद, विक्रेता आणि मंत्रालय तिघेही एकाच राजवटीतले असल्यामुळे या निवाड्यावर पश्चिमेत बरीच टीका झाली. मात्र वीस वर्षांनी लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सनेही, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानेही, जवळपास तोच मार्ग धरला. तो खटला तुमच्या कामाचा आहे, त्यामुळे तो नीट बघू.

1974 च्या मे आणि जुलैमध्ये रोलिंपेक्स या पोलंडच्या सरकारी व्यापारसंस्थेने लंडनच्या झार्निकॉव या साखर व्यापाऱ्यांशी सौदे केले. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत पोलंडमध्ये अतोनात पाऊस पडला, शेतं पाण्याखाली गेली आणि शुगर बीटचं पीक बुडालं. जगभर साखरेचे भाव तेव्हा उसळलेले होते. 5 नोव्हेंबर 1974 रोजी पोलंड सरकारने साखरेच्या निर्यातीवर बंदी घातली आणि रोलिंपेक्सने ‘सरकारी हस्तक्षेप’ या कारणाखाली फोर्स मेजर पुकारलं. झार्निकॉवचं म्हणणं अगदी तुमच्यासारखंच होतं: एका हाताने सौदा केला, दुसऱ्या हाताने बंदी घातली, दोन्ही हात एकाच धडाचे.

रिफाइंड शुगर असोसिएशनच्या लवादांनी पुरावा तपासला. रोलिंपेक्स मंत्रालयाच्या देखरेखीखाली होती हे खरं, पण रोजचे व्यापारी निर्णय ती स्वतः घेत होती आणि आपल्या हिशेबाने चालून नफा करणं तिच्याकडून अपेक्षित होतं. बंदी घालताना सरकारपुढे देशातला तुटवडा होता. रोलिंपेक्सला करारांतून सोडवण्यासाठी तो डाव रचला गेला, असा पुरावा नव्हता. लवादांनी रोलिंपेक्सचा बचाव मान्य केला आणि 1978 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने तो निर्णय कायम ठेवला. तिथले न्यायाधीश लॉर्ड विल्बरफोर्स यांनी एक दार मात्र उघडं ठेवलं. एखाद्या सरकारने निव्वळ आपल्या संस्थेला करारातून बाहेर काढण्यासाठीच पाऊल उचललं असेल, तर त्याला ‘सरकारी हस्तक्षेप’ न मानणं शक्य आहे, असं त्यांनी म्हटलं. पण त्यासाठी स्पष्ट पुरावा आणि लवादाचा ठाम निष्कर्ष लागेल. पुढच्या जवळजवळ प्रत्येक वादात दोन्ही बाजूंचे वकील याच वाक्याभोवती लढले आहेत.

रोलिंपेक्समधला दुसरा मुद्दा कमी जणांच्या लक्षात राहतो. सौद्याच्या नियमांप्रमाणे निर्यात परवाना मिळवणं विक्रेत्याचं काम होतं. त्याने तो मिळवला होता. नंतरच्या बंदीने तो निकामी झाला. बहुमताने ठरलं की नियमाने परवाना मिळवण्याची जबाबदारी टाकली आहे, तो शेवटपर्यंत टिकवण्याची नाही. लॉर्ड सॅमन यांचं मत वेगळं होतं. तुमच्या करारात परवान्याबद्दल काय शब्द आहेत ते आजच बघा. ‘विक्रेता परवाना मिळवेल’ आणि ‘विक्रेता परवाना मिळवेल व माल पोचेपर्यंत चालू ठेवेल’ या दोन वाक्यांतल्या फरकावर आख्खा दावा फिरू शकतो.

आता क्युबाचा खटला. योगायोगाने तोही साखरेचाच. क्युबाझुकार ही क्युबाची सरकारी निर्यातसंस्था चिलीच्या इआन्सा या कंपनीला साखर देत होती. 11 सप्टेंबर 1973 ला चिलीत लष्कराने सत्ता घेतली. प्लाया लार्गा हे जहाज तेव्हा वाल्पराइसो बंदरात माल उतरवत होतं. ते अर्धवट उतरवून निघून गेलं. मार्बल आयलंड्स हे दुसरं जहाज वाटेत होतं. ते वळवून व्हिएतनामच्या हायफाँगला नेलं आणि साखर तिथल्या लोकांना देऊन टाकली. क्युबाझुकारनेही सरकारी निर्णयाकडे बोट दाखवलं. इथे मात्र बचाव टिकला नाही, कारण राजकीय निर्णय सरकारचा असला तरी तो अमलात आणण्यात विक्रेती संस्था सामील होती, असं लवादापुढे ठरलं. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 1983 मध्ये निवाडा उचलून धरला.

दोन्ही संस्था समाजवादी देशातल्या, दोन्ही मंत्रालयाच्या हाताखाली, दोघींची कायदेशीर घडण सारखीच, तरी निकाल उलटे. मालकी कोणाची यापेक्षा त्या निर्णयात संस्थेची भूमिका काय होती, यावर लवाद गेले, असं मी गेली कित्येक वर्षं माझ्या पक्षकारांना सांगत आलो आहे.

हाच मुद्दा खासगीकरण झालेल्या कंपनीलाही लागू पडतो. ऑक्टा ही मॅसेडोनियातली तेलशुद्धीकरण कंपनी सरकारने विकली. नव्या मालकांना जेटऑइल या ग्रीक कंपनीबरोबरचा जुना करार नको होता. सरकारकडून पत्र आलं की जेटऑइलमार्फत तेल आणू नका, आणि ऑक्टाने त्या पत्राला फोर्स मेजर म्हटलं. 2003 मध्ये अपील न्यायालयाने ते मानलं नाही. सरकारच्या त्या पत्रापुढे कंपनी हतबल होती असं न्यायालयाला पटलं नाही. सरकारी हुकूम ‘मागवून’ घेतला असल्याचा वास जिथे येतो तिथे हा निकाल पहिल्यांदा काढावा.

भारतातलं जवळचं उदाहरण अँट्रिक्स-देवासचं. अँट्रिक्स ही इस्रोची व्यापारी कंपनी. 28 जानेवारी 2005 च्या कराराने ती देवास मल्टिमीडियाला उपग्रहांवरची एस-बँड (संदेशवहनाच्या लहरींचा एक पट्टा) क्षमता भाडेपट्ट्याने देणार होती. 17 फेब्रुवारी 2011 रोजी सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने करार रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि 25 फेब्रुवारीला अँट्रिक्सने फोर्स मेजरचा आधार घेत करार संपवला. करारातल्या व्याख्येत सार्वभौम अधिकाराने केलेली सरकारी कृती येत होती. कागदावर बचाव भक्कम. तरीही 14 सप्टेंबर 2015 रोजी आयसीसीच्या (आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या) लवादमंडळाने तो फेटाळून 56 कोटी 25 लाख डॉलर आणि वर व्याज देण्याचा निवाडा दिला.

अँट्रिक्सची दुखरी जागा कुठे होती? मंत्रिमंडळ समितीपुढचा प्रस्ताव अंतराळ विभागाकडून आला होता. त्या विभागाचे सचिव, इस्रोचे अध्यक्ष आणि अँट्रिक्सचे अध्यक्ष ही तिन्ही पदं तेव्हा एकाच व्यक्तीकडे होती. अशा वेळी ‘निर्णय आमच्या आवाक्याबाहेर होता’ हे वाक्य लवादापुढे पटवून देणं फार अवघड जातं, मग निर्णयामागची कारणं कितीही खरी असोत. पुढे देवासच्या बाबतीत फसवणुकीचे निष्कर्ष निघाले, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये कंपनी गुंडाळण्याचा आदेश कायम ठेवला आणि ऑगस्ट 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निवाडाच रद्द केला. त्यामुळे तो निवाडा भारतात आधार म्हणून दाखवता येणार नाही. पण सरकारी कंपनीचा अध्यक्ष आणि खात्याचा सचिव एकच असेल तर काय होतं, हे त्यातून आपल्या सार्वजनिक उपक्रमांनी शिकायला हवं. आजही अनेक मंडळांवर खात्याचे अधिकारी बसलेले असतात आणि करार करताना याचा विचार होत नाही.

आता नाफेड. हे प्रकरण मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण तुमचा माल परदेशी कंपनीकडून यायचा असला तरी निवाड्याची अंमलबजावणी कुठल्याही देशात काय वळण घेऊ शकते ते यात दिसतं. जानेवारी 1980 मध्ये नाफेडने अलिमेंटा या स्विस कंपनीला 5,000 टन शेंगदाणे विकण्याचा करार केला. नाफेड ही सहकारी संस्था, पण शेंगदाण्याच्या निर्यातीसाठी सरकारने नेमलेली एकमेव वाहिनी. 1,900 टन गेले. सौराष्ट्रात पिकाचं नुकसान झाल्याने बाकीचा माल त्या हंगामात गेला नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी पुरवणी करार करून उरलेला माल पुढच्या हंगामात पाठवायचं ठरवलं. मात्र मागच्या हंगामातला कोटा पुढे नेण्यासाठी सरकारची परवानगी लागत होती आणि ती नाफेडकडे नव्हती. सरकारने परवानगी नाकारली.

लंडनच्या फोस्फा या तेलबिया-तेल व्यापाराच्या संस्थेच्या लवादाने 1989 मध्ये अलिमेंटाला 46 लाख 81 हजार डॉलर आणि व्याज देण्याचा निवाडा दिला. 1990 मध्ये अपील मंडळाने व्याजाचा दरही वाढवला. दिल्ली उच्च न्यायालयाने निवाडा अंमलात आणण्याजोगा ठरवला. 22 एप्रिल 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अंमलात आणायला नकार दिला. कारण असं की करारातल्या कलम 14 प्रमाणे सरकारी मनाई आली तर उरलेला करार रद्द समजायचा होता, करार कायद्याच्या कलम 32 ने तो संपला होता, आणि परवानगीविना निर्यात करायला लावणं हे भारताच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरलं असतं.

मला हा निकाल पटत नाही, आणि यावर मी सभांमधूनही बोललो आहे. सरकारने मनाई केली हे निर्विवाद. पण पुरवणी करारावर सही करताना परवानगी आहे की नाही हे बघणं कोणाचं काम होतं? निर्यातीची एकमेव वाहिनी असलेल्या संस्थेला हा नियम माहीत नसावा, हे स्विस खरेदीदाराने कशावरून धरून चालायचं? लंडनच्या लवादाने जोखीम नाफेडवर टाकली. ते बरोबर की चूक हा लवादाचा प्रश्न होता. 1993 च्या रेणुसागर निकालापासून 2013 च्या श्री लाल महल निकालापर्यंत आपल्याच न्यायालयाने सांगितलं आहे की परदेशी निवाड्याच्या अंमलबजावणीच्या वेळी गुणदोषांत पुन्हा शिरायचं नाही. नाफेडच्या निकालाच्या दोनच महिने आधी विजय कारिया खटल्यातही तेच ठासून सांगितलं होतं. निवाडा लागल्यानंतर तीस वर्षांनी हाती काही न लागलेला खरेदीदार भारतातल्या पुढच्या विक्रेत्याला त्याची किंमत दरात लावून वसूल करतो, आणि ती शेवटी आपल्या शेतकऱ्यापर्यंत येते.

इंडोनेशियाचं काराहा बोदास प्रकरण करार नीट लिहिण्याचा धडा देतं. पश्चिम जावातल्या भूगर्भीय उष्णतेवर वीज निर्माण करण्यासाठी 1994 मध्ये काराहा बोदास कंपनीने पेर्तामिना या सरकारी तेल कंपनीशी आणि पीएलएन या सरकारी वीज कंपनीशी करार केले. आशियाई आर्थिक संकट आलं, आणि सप्टेंबर 1997 ते जानेवारी 1998 या काळात राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमांनी प्रकल्प आधी थांबवला, मग चालू केला, मग पुन्हा थांबवला. सरकारी कंपन्यांनी फोर्स मेजर सांगितलं. पण करार लिहिणाऱ्यांनी दूरदृष्टी दाखवली होती: सरकारी निर्णयामुळे काम अडलं तर त्याची झळ सरकारी कंपन्यांनी सोसायची, अशी जोखमीची वाटणी करारातच होती. जिनिव्हात बसलेल्या लवादमंडळाने डिसेंबर 2000 मध्ये 26 कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निवाडा दिला. जकार्ताच्या न्यायालयाने तो रद्द केल्याचं जाहीर केलं, तरी अमेरिका आणि हाँगकाँगच्या न्यायालयांनी तो अंमलात आणला. इथे कंपनी आणि सरकार एक आहेत का, हा वाद घालण्याची वेळच आली नाही.

आपल्याकडे दाभोळच्या वीज करारातही ‘राजकीय फोर्स मेजर’ हा वेगळा प्रकार होता, आणि एप्रिल 2001 मध्ये दाभोळ पॉवर कंपनीने महाराष्ट्र राज्य वीज मंडळाला त्याच कलमाखाली नोटीस दिली होती. त्या प्रकल्पाच्या एकंदर व्यवहाराबद्दल मराठी माणसाचं मत काय आहे ते मला ठाऊक आहे आणि त्याला सबळ कारणं आहेत. तरी कलम लिहिण्याच्या तंत्रापुरतं बोलायचं तर पूर-भूकंप एका खणात आणि सरकारी कृती दुसऱ्या खणात टाकून, दुसऱ्या खणातली सूट फक्त खासगी बाजूला ठेवणं, ही पद्धत जगभर वापरली जाते आणि ती चालते.

नव्या करारांसाठी एक इशारा. आयसीसीने 2020 मध्ये फोर्स मेजरचं नमुना कलम सुधारून काढलं. त्यात तीन अटी आहेत: घटना आवाक्याबाहेरची हवी, करार करताना तिचा अंदाज येणं शक्य नसावं आणि तिचे परिणाम टाळता येण्याजोगे नसावेत. पुढे घटनांची यादी आहे आणि त्या यादीतल्या घटना घडल्या तर पहिल्या दोन अटी पुऱ्या झाल्याचं गृहीत धरलं जातं. सरकारी हुकूम, मग तो कायदेशीर असो वा बेकायदेशीर, आणि व्यापारी निर्बंधही त्या यादीत आहेत. दोन खासगी कंपन्यांमध्ये हे वाजवी आहे. समोर सरकारी कंपनी असेल तर ‘घटना तिच्या आवाक्याबाहेरची होती’ हे गृहीत धरून तुम्ही आपला सर्वात मोठा मुद्दा आधीच देऊन टाकता. गृहीतक पुराव्याने खोडता येतं, पण तो पुरावा समोरच्याच्या कपाटात असतो. नमुना जसाच्या तसा चिकटवणाऱ्यांनी निदान एवढी ओळ घालावी: ज्या पक्षावर सरकारचं नियंत्रण आहे त्याला त्या सरकारच्या कृतीचा आधार घेता येणार नाही.

बंदी खरी आणि कंपनी निष्कलंक असली तरी आणखी एक पायरी उरते: बंदीमुळे करार पाळणं खरोखर अशक्य झालं का? लिबियाच्या राष्ट्रीय तेल महामंडळाने अमेरिकेच्या सन ऑइल समूहातल्या कंपनीविरुद्ध चालवलेला आयसीसीचा लवाद याचं चांगलं उदाहरण आहे. इथे सरकारी कंपनी वादी होती आणि आपल्या सरकारकडे बोट दाखवत होती खासगी कंपनी. डिसेंबर 1981 मध्ये अमेरिकेने लिबिया प्रवासासाठी आपले पासपोर्ट निरुपयोगी केले. कंपनीने शोधकाम थांबवलं. लवादमंडळात अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री एडमंड मस्की होते. तरीही 1985 मध्ये बचाव फेटाळला गेला, कारण बिगर-अमेरिकी तंत्रज्ञ नेमून काम चालू ठेवता आलं असतं. 1987 मध्ये 2 कोटी डॉलरचा अंतिम निवाडा आला आणि डेलावेअरच्या संघीय न्यायालयाने 1990 मध्ये त्याच्या अंमलबजावणीचा मार्ग मोकळा केला. तुमच्या बाबतीत विचारायचे प्रश्न यातूनच निघतात. बंदीत सूट किंवा कोटा होता का? आधी झालेल्या करारांना वगळलं होतं का? कंपनीने सवलतीसाठी अर्ज केला का? त्याच काळात तिचा माल दुसऱ्या कोणाला गेला का?

शेवटच्या प्रश्नावर विशेष लक्ष द्या. बंदी असताना दुसऱ्या देशाला, विशेषतः वाढीव दराने, जहाज गेल्याचं बंदराच्या नोंदींत किंवा सीमाशुल्काच्या आकडेवारीत दिसलं, तर लवादाचा कल बदलायला तो एक कागद पुरतो.

पुरावा मिळवायचा कसा? लवाद लंडनला असल्याने पुरावा घेण्याचे आंतरराष्ट्रीय बार असोसिएशनचे नियम बहुधा मार्गदर्शक म्हणून लागतील. त्यांच्या आधारे कंपनी आणि मंत्रालय यांच्यातला पत्रव्यवहार, संचालक मंडळाची इतिवृत्तं, बंदीआधीच्या बैठकांच्या टिपणी मागता येतात. कंपनी ‘सरकारी गोपनीयता’ पुढे करेल, आणि राजकीय किंवा संस्थात्मक संवेदनशीलतेचं कारण नियमांमध्ये आहेच. तेव्हा मागणी नेमकी ठेवा: बंदीच्या आधीचे तीन महिने, खनिजाचा हा प्रकार, या दोन-तीन अधिकाऱ्यांमधली पत्रं. नेमकी मागणी असूनही कागद आले नाहीत तर लवादमंडळ प्रतिकूल अनुमान काढू शकतं, म्हणजे ते कागद कंपनीच्या विरुद्ध जाणारे होते असं धरू शकतं. सरसकट मागणी केली तर ती फेटाळली जाते आणि अनुमानाची संधीही जाते. मंत्र्यांची विधिमंडळातली उत्तरं, कंपनीच्या वार्षिक अहवालातली वाक्यं, तिच्या अध्यक्षाच्या मुलाखती हे सगळं उघड असतं. ते आजच जमवून तारखेसह जपून ठेवा, कारण वाद सुरू झाला की संकेतस्थळांवरून मजकूर नाहीसा होतो.

‘कंपनी म्हणजेच सरकार’ हा युक्तिवाद टाळायला सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. निवाडा तुमच्या बाजूने लागला की वसुली त्या कंपनीच्या परदेशातल्या मालमत्तेवर करावी लागेल. तुम्हीच तिला सरकारचं अंग म्हटलं असेल तर ती सार्वभौम संरक्षणाचं छत्र उघडेल, म्हणजे परक्या न्यायालयांना सरकारच्या मालमत्तेला हात लावता येत नाही असं म्हणेल. उलट ती स्वतंत्र व्यापारी कंपनी असेल तर हे संरक्षण तिला सहजी मिळत नाही, पण तेव्हा तुम्हाला सरकारच्या मालमत्तेला हात लावता येत नाही. प्रिव्ही कौन्सिलने (काही जुन्या ब्रिटिश वसाहतींच्या लंडनमधल्या अंतिम अपील न्यायालयाने) 2012 च्या जेकामिन या काँगोच्या सरकारी खाण कंपनीच्या खटल्यात सांगितलं की वेगळी कायदेशीर ओळख असलेल्या सरकारी कंपनीला सरकारच मानण्यासाठी फार टोकाची परिस्थिती लागते. म्हणून दाव्यात असं मांडा की कंपनी स्वतंत्र आहे, आणि या स्वतंत्र कंपनीने बंदी मागितली, घडवली किंवा टाळण्यासाठी काहीच केलं नाही. दोन्ही टोकांना ही मांडणी तुमच्या बाजूची राहते.

सरकारच्या व्यापार मंडळाने दिलेलं फोर्स मेजरचं प्रमाणपत्र नोटिशीला जोडलं असेल तर त्याने बिचकू नका. 2020 च्या सुरुवातीला चीनच्या व्यापार प्रोत्साहन परिषदेने अशी हजारो प्रमाणपत्रं दिली. त्याच सुमारास सीनूक या चिनी सरकारी तेल कंपनीची नोटीस टोटालने आणि शेलने मानली नाही. घटना घडली याचा पुरावा म्हणून प्रमाणपत्राला थोडं वजन असतं. करारातलं कलम लागू पडतं का हे मात्र लवादच ठरवतो.

तडजोडीचाही विचार करा. 2022 मध्ये रशियाने घातलेल्या निर्बंधांनंतर गेल या भारताच्या सरकारी वायू कंपनीला द्रवरूप वायू पुरवणाऱ्या, गाझप्रॉम या रशियन सरकारी वायू कंपनीच्या जुन्या उपकंपनीने पुरवठा थांबवला. ती तोवर जर्मन सरकारच्या ताब्यात जाऊन सेफे या समूहाचा भाग झाली होती. गेलने लंडनमध्ये लवाद सुरू करून सुमारे 180 कोटी डॉलरची मागणी केली आणि जानेवारी 2025 मध्ये 28.5 कोटी डॉलरवर मिटवलं. मागणीच्या मानाने रक्कम लहान वाटते, पण पैसे हातात आले.

आता तातडीची कामं. नोटिशीला लेखी उत्तर द्या: फोर्स मेजर अमान्य, सर्व हक्क राखून. करार स्वतःहून संपवू नका. घाईने संपवला आणि पुढे बचाव खरा ठरला तर करारभंग तुमच्या माथी येतो. कलमात नोटिशीची मुदत आणि तपशील दिले असतील तर कंपनीची नोटीस त्यात बसते का ते तपासा, कारण काही कलमांत वेळेवर नोटीस ही सवलतीची पूर्वअटच असते. कंपनीने वेगळ्या प्रतीचा माल किंवा वेगळं चलन देऊ केलं तर ते घ्यायलाच हवं असं नाही. एमयूआर शिपिंगच्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये सांगितलं की वाजवी प्रयत्नांच्या नावाखाली कराराबाहेरची पूर्तता स्वीकारायला भाग पाडता येत नाही. तिथे ‘पर्यायी पूर्तता स्वीकारा’ हा आग्रह फोर्स मेजर सांगणाऱ्या बाजूला केला गेला होता, पण तत्त्व दोन्हीकडे चालतं. पर्यायी खरेदी करावी लागली तर तीन ठिकाणचे दर लेखी घ्या, त्या दिवसाचा बाजारभाव जपून ठेवा आणि फरकाचा हिशेब जहाजागणिक वेगळा मांडा. इंग्लंडच्या कायद्यात करारभंगाच्या दाव्याला सर्वसाधारण मुदत सहा वर्षांची आहे, पण मालाच्या व्यापारी संघटनांच्या नियमांत ती काही महिन्यांवर आलेली असते. तुमच्या करारात अशा एखाद्या संघटनेचे नियम संदर्भाने आले आहेत का, हे या आठवड्यात वकिलाकडून बघून घ्या.